ओपन सोर्स एटीएस निवडताना आमचं पहिलं चुकलं ते इथे

क्लायंटचा फोन आला आणि त्यांनी एवढंच विचारलं, "ह्या कँडिडेटचा अपेक्षित पगार नक्की किती धरायचा? तुमच्याकडून त्याचा प्रोफाइल दोनदा आलाय आणि दोन्हीकडे आकडा वेगळा आहे." मी शीट उघडली तर खरंच, एकच माणूस दोन ओळींत, एकीकडे पूर्ण नाव, दुसरीकडे फक्त आद्याक्षर आणि आडनाव, एक ओळ माझी, एक माझ्या सहकाऱ्याची, आणि मधल्या दीड महिन्यात त्या माणसाने आपली अपेक्षा बदललेली. क्लायंटने दोन्ही प्रोफाइल बाजूला ठेवले. त्या माणसाची ह्यात काडीचीही चूक नव्हती, त्याला काही कळलंही नाही, तो बिचारा आमच्या उत्तराची वाट बघत राहिला आणि ती गोष्ट मला फार लागली.

आम्ही तिघं मिळून छोटी रिक्रूटमेंट एजन्सी चालवतो. तोपर्यंत सगळं काम एका शेअर केलेल्या एक्सेल शीटवर, मेलच्या फोल्डरवर आणि आमच्या आपसातल्या आठवणीवर चालत होतं. पंचवीस तीस कँडिडेट असतात तोवर हे चालतंही, पण शीट हजार ओळींच्या पुढे गेली की कोण कोणाशी शेवटचं कधी बोललं हे शोधण्यातच सकाळ जाते. मग ठरवलं की एटीएस, म्हणजे कँडिडेट आणि त्यांच्या अर्जांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचंच. पैसे देऊन मिळणारी बरीचशी एटीएस महिन्याला माणशी भाडं घेतात, आणि ज्या महिन्यात एकही जॉइनिंग होत नाही त्या महिन्यातही ते द्यावंच लागतं, त्यामुळे आमच्या बजेटात ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो असं सॉफ्टवेअर, हाच एक रस्ता होता. ह्या शोधात आमचे जवळपास चार महिने गेले. त्यातले निदान दोन वाचले असते, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय, कुणाचे तरी वाचतील.

पहिली चूक आधी सांगते. आम्ही फीचर्सची यादी बघून निवडलं. नाव घेत नाही, कारण ते सॉफ्टवेअर वाईट नाहीच, आम्हीच चुकीच्या कामासाठी घेतलं. पूर्ण एचआर सॉफ्टवेअर होतं, हजेरी, रजा, पगार आणि त्यात एक रिक्रूटमेंट मॉड्यूल. तीन शनिवार रविवार खर्चून ते सर्व्हरवर चढवलं, लॉगिन बनवले, रंगीत बोर्ड बघून आम्ही तिघंही खूश. आणि मग पहिला क्लायंट टाकायला बसलो तर क्लायंट टाकायला जागाच नाही! त्या सॉफ्टवेअरच्या जगात कंपनी एकच, तुमची स्वतःची, आणि सगळी भरती तिच्यासाठीच. आम्ही डोकं लावून 'विभाग' च्या रकान्यात क्लायंटचं नाव टाकायला लागलो. आठवडाभर ते चाललं, मग एकच कँडिडेट दोन क्लायंटकडे पाठवायची वेळ आली आणि त्यासाठी त्याचे दोन वेगळे अर्ज बनवावे लागले. म्हणजे ज्या दुखण्यावर औषध शोधत होतो तेच दुखणं परत हजर.

तेव्हा लक्षात आलं की फीचर्सच्या आधी एकच प्रश्न विचारायला हवा होता, आपण भरती कोणासाठी करतो? स्वतःच्या कंपनीसाठी की दुसऱ्याच्या? दोन्हीला रिक्रूटमेंटच म्हणतात पण काम मुळातून वेगळं आहे. कंपनीतला एचआरवाला एका जागेसाठी आलेल्या शंभर अर्जांतून एक निवडतो, त्याच्यासाठी अर्ज हा केंद्रबिंदू. एजन्सीवाला एकाच माणसाला आज ह्या क्लायंटला, सहा महिन्यांनी त्या क्लायंटला दाखवतो, त्याच्यासाठी माणूस हा केंद्रबिंदू, आणि त्या माणसाला चार वेगवेगळ्या ओपनिंगशी जोडता आलं पाहिजे, प्रत्येक ठिकाणी त्याची स्थिती वेगळी दिसली पाहिजे. हा फरक डेटाबेसच्या पोटातच असतो, नंतर सेटिंग बदलून तो येत नाही.

सॉफ्टवेअर कोणत्या बाजूचं आहे हे ओळखायची एक सोपी खूण मला सापडली. त्याचे टप्पे वाचायचे, म्हणजे कँडिडेट ज्या ज्या पायऱ्यांतून जातो त्यांची मुळातली नावं. ओपनकॅट्स नावाच्या ओपन सोर्स एटीएस मध्ये त्यातली बरीचशी अशी आहेत: कॉन्टॅक्टेड, कँडिडेट रिस्पॉन्डेड, क्वालिफाइंग, सबमिटेड, इंटरव्ह्यूइंग, ऑफर्ड, क्लायंट डिक्लाइन्ड, प्लेस्ड. 'क्लायंट डिक्लाइन्ड' आणि 'प्लेस्ड' हे शब्द एजन्सीतच बोलले जातात. उलट ओडू ह्या कंपनी चालवायच्या सॉफ्टवेअरचे मुळातले टप्पे बघा, पहिला इंटरव्ह्यू, दुसरा इंटरव्ह्यू, करार प्रस्ताव, करारावर सही. हे स्वतःच्या कंपनीत माणूस घेणाऱ्याचे शब्द. ऑरेंजएचआरएम ह्या एचआर सॉफ्टवेअरमध्ये शॉर्टलिस्ट, इंटरव्ह्यू शेड्यूल्ड, इंटरव्ह्यू पास्ड, जॉब ऑफर्ड, हायर्ड, तेही तसंच. टप्प्यांची नावं बदलता येतात बऱ्याच ठिकाणी, पण बनवणाऱ्याने कोणाला डोळ्यांसमोर ठेवलं होतं ते मूळ नावांतून कळतं.

आम्ही शेवटी ओपनकॅट्स वर आलो. थोडा इतिहास सांगते कारण तो निवडीच्या वेळी कामाचा आहे. ह्याचा मूळ कोड कॅट्स नावाच्या सॉफ्टवेअरचा, २००५ ते २००७ च्या काळातला, पुढे मूळ कंपनी पैशाच्या सेवेकडे वळली आणि खुला राहिलेला कोड काही लोकांनी ओपनकॅट्स म्हणून पुढे चालवला. पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस, बस एवढ्यावर चालतं, त्यामुळे लहानसा सर्व्हरही पुरतो. दिसायला जुनं आहे, हे मान्यच करायला हवं, टेबलं आणि लिंका, मोबाइलवर तर चिमटीत धरून मोठं करावं लागतं. पण त्यात क्लायंट कंपन्या वेगळ्या, त्यांच्यातली संपर्काची माणसं वेगळी, जॉब ऑर्डर, म्हणजे क्लायंटने भरायला दिलेल्या जागा, वेगळ्या, कँडिडेट वेगळे, आणि ह्या सगळ्यांना जोडणारी पाइपलाइन. पहिल्याच संध्याकाळी आमची घडी बसली. नवीन चकचकीत सॉफ्टवेअरमध्ये जे तीन आठवड्यांत जमलं नव्हतं ते इथे दोन तासांत.

स्वतःच्या कंपनीसाठीच भरती करणाऱ्यांना मात्र मी ओपनकॅट्स सांगणार नाही. त्यांनी आधी ओडू ची कम्युनिटी आवृत्ती बघावी, रिक्रूटमेंट ॲप त्यात आहे, बोर्डवर कार्ड सरकवत काम होतं, आणि प्रत्येक जागेला स्वतःचा ईमेल पत्ता देता येतो, त्यावर मेल आला की अर्ज आपोआप तयार होतो, हे खरंच वेळ वाचवणारं आहे. फ्रॅपे एचआर हा दुसरा चांगला पर्याय, आधी तो ईआरपीनेक्स्ट ह्या हिशोब, साठा वगैरे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचाच भाग होता, २०२२ मध्ये वेगळं ॲप झाला, त्यात जागेची मागणी, ओपनिंग, अर्जदार, इंटरव्ह्यू, इंटरव्ह्यू घेणाऱ्याचा फीडबॅक, ऑफर अशी सरळ साखळी आहे आणि माणूस रुजू झाला की त्याच सिस्टीममध्ये तो कर्मचारी होतो. फक्त ते चालवायला फ्रॅपे ची सगळी यंत्रणा, ईआरपीनेक्स्ट सकट, सर्व्हरवर चढवावी लागते, त्यामुळे सर्व्हर जरा दमदार लागतो आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो. ज्यांना फक्त दोन चार जागा भरायच्यात त्यांनी एवढा पसारा मांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यांना नीट आखलेली शीटही पुरेल.

आता 'ओपन सोर्स' ह्या शब्दाबद्दल. वेबसाइटवर ओपन सोर्स लिहिलंय म्हणून सगळं फुकट असं धरून चालू नका. बऱ्याच प्रोजेक्टच्या दोन आवृत्त्या असतात, एक खुली आणि एक पैशाची, आणि डेमो तुम्हाला बहुतेक वेळा पैशाच्या आवृत्तीचा दिसतो. ओडू चंच उदाहरण घ्या, कम्युनिटी आवृत्ती एलजीपीएल लायसन्सवर खुली आहे, पण रेझ्युमे वाचून माहिती आपोआप भरणं, ऑफर लेटरवर ऑनलाइन सही, ह्या गोष्टी एंटरप्राइझ ह्या पैशाच्या आवृत्तीत. ह्यात फसवणूक काही नाही, त्यांनी सगळं उघड लिहिलेलं आहे, पण डेमो बघून भारावलेलं मन ते वाचत नाही. म्हणून जे फीचर आवडलं ते खुल्या आवृत्तीत आहे का हे एकेक करून तपासा. लायसन्सची भीती मात्र बाळगू नका. जीपीएल असो की एमआयटी, ही ओपन सोर्सची नेहमीची लायसन्स, स्वतःच्या ऑफिसात वापरायला आणि स्वतःपुरता बदल करायला काहीच अडचण नाही, अटी लागतात त्या सॉफ्टवेअर पुढे दुसऱ्याला वाटताना. एजीपीएल तेवढं वेगळं, त्यात बदल केलेलं सॉफ्टवेअर तुम्ही नेटवर्कवरून बाहेरच्या लोकांना वापरायला दिलंत, जसं की कँडिडेटसाठीचं करिअर पेज, तर तुमच्या बदलांचा कोड त्यांना मिळायची सोय करावी लागते.

आणि प्रोजेक्ट जिवंत आहे का हे बघा! हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. गिटहबवर, म्हणजे अशा प्रोजेक्टचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या साइटवर, जाऊन शेवटचं रिलीज कधी झालं, गेल्या सहा महिन्यांत कोडमध्ये बदल झालेत का, आणि ते एकटाच माणूस करतोय की चार जण, एवढं तपासायला दहा मिनिटं लागतात. लोकांच्या पसंतीचे स्टार किती मिळालेत त्याला अर्थ नाही, पाच वर्षांपूर्वी मिळालेले स्टार तसेच राहतात. मी बघते ते बंद झालेले इश्यू, म्हणजे निकालात निघालेल्या तक्रारी, लोकांनी अडचण सांगितली तर कोणी उत्तर देतं का. सुरक्षेची अडचण सापडली तेव्हा काय झालं हेही वाचा. ओपनकॅट्स मध्ये २०१९ मध्ये अशी एक गंभीर चूक नोंदवली गेली होती, मुद्दाम बनवलेली वर्ड किंवा ओपन डॉक्युमेंट फाइल रेझ्युमे म्हणून अपलोड केली की सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या, पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. आता विचार करा, एटीएस म्हणजे काय, अनोळखी माणसांकडून रोज फाइली घेणारं सॉफ्टवेअर! त्यामुळे इथे अपडेट टाळणं परवडत नाही. आम्ही महिन्याचा पहिला सोमवार त्यासाठी ठेवलाय आणि ज्या दिवशी सुरक्षेचं अपडेट येतं त्या दिवशी सोमवारची वाट न बघता लगेच.

निवडीची आमची सगळ्यात उपयोगी पडलेली परीक्षा म्हणजे स्वतःचे वीस रेझ्युमे. डेमोतला नमुन्याचा डेटा नाही, आपले खरे, आणि त्यातही मुद्दाम वाकडे निवडलेले: दोन कॉलमचा पीडीएफ, जुनी डॉक फाइल, फोनवरून फोटो काढून पीडीएफ केलेला, इंग्रजी सोडून दुसऱ्या लिपीत नाव असलेला, आणि एकाच माणसाचे दोन वेगवेगळ्या तारखांचे. ते टाका आणि मग आतला एखादा शब्द शोधा, स्किल म्हणा, गावाचं नाव म्हणा. ओपनकॅट्स रेझ्युमेतला मजकूर काढायला सर्व्हरवरची छोटी टूल्स वापरतं, जुन्या वर्ड फाइलसाठी अँटीवर्ड, पीडीएफसाठी पीडीएफटूटेक्स्ट, आणि ती बसवलेली नसतील तर रेझ्युमे अपलोड होतो, उघडतोही, पण शोधात कधीच येत नाही. हे फार वाईट, कारण सगळं सुरळीत चाललंय असंच वाटतं आणि चांगली माणसं आत पडून राहतात. फोटोवाला पीडीएफ तर कुठल्याच साध्या टूलने वाचता येत नाही कारण त्यात अक्षरं नसतातच, नुसतं चित्र असतं, त्याला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लागतं, टेसरॅक्ट हे त्यासाठीचं खुलं टूल आहे. आम्ही सध्या असे रेझ्युमे आले की महत्त्वाची स्किल हाताने टाकतो, दिवसाला एखाद दुसराच येतो त्यामुळे जमतं.

जुनी शीट आत घेणं हे वेगळंच प्रकरण होतं. शीटची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, करून आत घ्यायचं एवढं सोपं वाटतं, पण एक्सेलने फोन नंबरांचे सुरुवातीचे शून्य खाल्लेले, काही लांब नंबर घातांकात बदललेले, आणि दुसऱ्या लिपीतल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. फाइल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे सगळ्या लिपी नीट साठवणाऱ्या पद्धतीत, सेव्ह करायची आणि फोनचा कॉलम आधीच मजकूर म्हणून ठरवायचा, एवढ्या दोन गोष्टी केल्या असत्या तर आमचे तीन दिवस वाचले असते. आणि आत घ्यायच्या आधी शीट ईमेलवर लावून डुप्लिकेट काढा, नावावर नाही, नावं लोक वेगवेगळी लिहितात पण ईमेल सहसा तोच असतो. आमच्या हजार ओळींतले दीडशेच्या वर डुप्लिकेट निघाले. ते बघून मी बराच वेळ गप्प बसले होते.

आत यायच्या आधी बाहेर पडायची वाटही बघून ठेवा. सगळे कँडिडेट, त्यांच्या नोंदी आणि मूळ रेझ्युमे फाइली एकत्र बाहेर काढता येतात का? नुसती नावांची यादी निघते आणि 'ह्यांच्याशी काय बोलणं झालं' ते आतच राहतं असं असेल तर तुमची खरी कमाई अडकली. ओपन सोर्समध्ये निदान डेटाबेस आपल्या हातात असतो, माझ्या मते पैसे वाचण्यापेक्षा हा फायदा मोठा आहे.

खर्चाचं म्हणाल तर लायसन्सचे पैसे शून्य, पण सर्व्हरचं भाडं आहे, डोमेन आहे, आणि सगळ्यात महाग म्हणजे सांभाळणाऱ्याचा वेळ. आमच्यातल्या एकाला लिनक्सची आवड आहे म्हणून आमचं निभावतं, तसं कोणी नसेल तर महिन्याला काही तासांसाठी एखादा जाणकार ठरवून घ्या आणि तो खर्च आधीच हिशोबात धरा. मेलचा घोळ जवळपास सगळ्यांचा होतो. सर्व्हरवरून थेट पाठवलेले मेल कँडिडेटच्या स्पॅममध्ये जातात किंवा जातच नाहीत, कारण बरेच होस्टिंगवाले पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जायची वाट, बंदच ठेवतात. आम्ही मेल पाठवणाऱ्या एका सेवेमधून ते वळवले आणि डोमेनवर मेल खरंच आमच्याकडूनच आलाय हे दाखवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ह्या तिन्ही नोंदी टाकल्या, तेव्हा कुठे इंटरव्ह्यूची वेळ कळवणारे मेल इनबॉक्समध्ये पोचायला लागले.

बॅकअपची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप घेत होतो आणि निश्चिंत होतो. दोन महिन्यांनी सहज म्हणून दुसऱ्या मशीनवर तो परत उभा करून बघितला, सगळी नावं आली, नोंदी आल्या, आणि रेझ्युमेवर क्लिक केलं की फाइल सापडत नाही. रेझ्युमे डेटाबेसमध्ये नसतातच, ते अटॅचमेंट्सच्या फोल्डरमध्ये वेगळे असतात, आणि तो फोल्डर आम्ही कधी घेतलाच नव्हता. पोटात गोळा आला. नशिबाने मूळ सर्व्हर ठणठणीत होता. तेव्हापासून दर महिन्याला एकदा बॅकअप परत उभा करून, त्यातला कुठलाही एक रेझ्युमे उघडून बघतो.

एक गोष्ट मला मनापासून वाटते म्हणून थोडी लांबवते. हा डेटा आपला नाही. लोकांनी त्यांचा पत्ता, पगार, नोकरी का सोडतोय ह्याचं कारण आपल्याला विश्वासाने सांगितलेलं असतं. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक डेटाचा कायदा लागू आहे आणि त्यात माणसाला आपला डेटा पुसून टाका असं सांगायचा हक्क आहे, पण तुमच्याकडे कुठलाही कायदा लागू असो, 'माझं नाव काढा' असं कोणी म्हटलं तर ते एका जागी बसून पूर्ण काढता आलं पाहिजे, बॅकअपमधून कधी जाणार हेही सांगता आलं पाहिजे. निवडताना हे करून बघा, एक कँडिडेट टाका, रेझ्युमे जोडा, मग पुसा, आणि सर्व्हरच्या फोल्डरमध्ये फाइल खरंच गेली का ते बघा. तसंच रेझ्युमेला आपोआप गुण देणाऱ्या एआय च्या जोडण्या हल्ली सगळीकडे दिसतात. मी त्या लावलेल्या नाहीत. ॲमेझॉनने असं एक टूल बनवलं होतं, त्याला आधीच्या दहा वर्षांचे रेझ्युमे शिकवले, त्यात पुरुष जास्त होते, तर ते बायकांचे रेझ्युमे खाली ढकलायला लागलं आणि शेवटी त्यांनी ते सोडून दिलं, २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे सांभाळता आलं नाही ते आम्ही तिघं सांभाळू असं मला वाटत नाही. शोधायला मशीन, नाकारायला माणूस, असं आम्ही आपसात ठरवून टाकलंय.

आता पाच महिने झाले. सगळं छान आहे असं नाही, रिपोर्ट मला हवे तसे निघत नाहीत आणि कॅलेंडर आम्ही वेगळंच वापरतो. पण कँडिडेटचं नाव टाकलं की तो कुठे कुठे पाठवलाय, कोणी, कधी, काय अपेक्षा सांगून, हे एका पानावर दिसतं. ज्याच्यापासून हे सुरू झालं त्या माणसाचं रेकॉर्ड मी सगळ्यात आधी टाकलं होतं. टाकल्यावर त्याला फोन केला, आमच्याकडून काय चुकलं ते सांगितलं, माफी मागितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "निदान कारण तरी कळलं, मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी कमी आहे." मागच्या महिन्यात त्याच्याशी जुळणारी जॉब ऑर्डर आली, त्याला विचारून, पगाराचा आकडा परत एकदा पक्का करून मी प्रोफाइल पाठवला. काल त्याचं स्टेटस सबमिटेडवरून इंटरव्ह्यूइंगवर सरकवलं, दुसरी फेरी गुरुवारी आहे.